एकावन्न डबे

चंद्रपूर
६ फेब्रुवारी २०२५

मनाबाईस धनराजभाऊचा आशीर्वाद.

मी बरा आहे. कान जसे होते तसेच आहेत, म्हणजे नाहीत. खाणीतल्या क्रशरनं ते नेले तेव्हापासून फोन माझ्या काही कामाचा नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून तुझ्या सुनेनं, पुनमनं, परवा आमच्या दुकानमालकांच्या, फारूकभाईंच्या फोनवर निरोप दिला. त्यांनी तो बिलाच्या मागं लिहून माझ्यासमोर धरला. आधी फ्रिज. त्याखाली कूलर. मग मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि शेवटी चाकांची बॅग. मी हातानंच विचारलं, हे कोणाच्या लग्नाचं आंदण? तेव्हा त्यांनी खाली तुझं नाव लिहिलं.

मनाबाई, रागावू नकोस, पण मला कळत नाही. नथ्थूला जाऊन अजून वर्ष झालं नाही. मोहफुलं वेचायला गेलेला आमचा जावई वाघानं नेला आणि वनखात्यानं त्याची भरपाई दिली, ती तुझ्या म्हातारपणासाठी आहे. तुझ्या गावात लाईट दिवसातून चारदा जाते. तो फ्रिज काय कपाट म्हणून वापरणार आहेस? आणि चाकांची बॅग घेऊन निघालीस कुठं? तुझ्या दारापासून एसटीच्या थांब्यापर्यंत सगळा मुरूम आहे.

बारा वर्षं मी ह्या दुकानात बसून भांड्यांवर नावं टाकतो आहे. माणूस काय घेतो आणि त्यावर काय लिहायला सांगतो, यावरून मी त्याला ओळखतो. एका रिटायर मास्तरांनी चिमट्यावर पूर्ण नाव टाकून घेतलं, गाव आणि तालुक्यासकट. एक बाई आहे, ती नाव कायम बुडाला टाकायला सांगते. कोणाला दिसू नये म्हणून बुडाला, पण टाकून घेते. तुझी ही यादी वाचून मात्र मला तू ओळखू आली नाहीस. हे घेणारी बाई दुसरीच कोणी वाटली.

उत्तर लवकर लिही. पोस्टकार्ड नको, त्यावर तू दोन ओळींत आटपतेस.

तुझा भाऊ
धनराज

•

कोसमटोला, ता. आरमोरी
१७ फेब्रुवारी २०२५

भाऊला नमस्कार.

पत्र मिळालं. फ्रिज पाण्यासाठी घेतला. उन्हाळ्यात पाणी गरम होतं. कूलरही उन्हाळ्यासाठीच. मिक्सर आणि घड्याळ त्याच दुकानात होतं म्हणून घेतलं. बॅग समोरच्या दुकानात होती.

खोकी अजून उघडली नाहीत. ओसरीत एकावर एक ठेवली आहेत. बकरी वरच्या खोक्यावर चढून बसते. माणसं येतात, बसतात, खोक्यांकडं बघतात आणि जातात.

धान विकून झालं. उन्हाळी लावलं नाही. माझी तब्येत चांगली आहे. जेवते. झोप लागते, जास्तच लागते. सगळे विचारतात कशी आहेस, मी बरी आहे म्हणते, आणि ते खोटं नाही. मला काही होत नाही. परवा ह्यांचा खुंटीवरचा शर्ट धुतला आणि परत खुंटीला लावला. पुनम म्हणाली, तो धुताना तुम्हाला रडू यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, हो.

घड्याळात सेल टाकला नाही. बाकी ठीक.

मनकर्णा

•

चंद्रपूर
२६ फेब्रुवारी २०२५

मनाबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोस्टकार्ड नको म्हटलं तर तू कागदावरही पोस्टकार्डच लिहिलंस.

काल तुझा प्रवीण दुकानात आला होता. गडचिरोलीहून मुद्दाम आला, कॉलेजातल्या नोकरीवरून सुट्टी घेऊन. पोरगा वाळला आहे. उजव्या कानात अजून थोडं उरलं आहे, त्याशी तोंड आणून त्यानं ओरडून जे सांगितलं ते असं : "मामा, आई पैसा मातीत घालून राह्यली. ते तुमचंच ऐकते. तुम्हीच समजावा." त्यानं बँकेतून एक फॉर्म आणला आहे. त्यावर तुझी सही झाली की पुढं खात्यातून पैसे काढायला तुझी आणि त्याची, दोन्ही सह्या लागतील. एकटीच्या सहीनं काही निघणार नाही. मला विचारशील तर यात वाईट काही नाही. तो काही परका नाही. आज ना उद्या त्याचंच आहे ते सगळं. फॉर्म तो तुझ्याकडं ठेवून जाईल, तू सही करून टाक. मोठा भाऊ म्हणून सांगतो.

दुसरं काम. वर्षश्राद्धाला जेवायला येतील त्यांना घरटी एक स्टीलचा डबा द्यायचं प्रवीणनं ठरवलं आहे. एकावन्न डबे. पैसे तो देतो आहे, नावं मी टाकणार. वर नथ्थूचं नाव, खाली देणारी म्हणून तुझं. झाकण कडीचं पाहिजे की साधं? अक्षर मोठं की बारीक? तुला कसं आवडेल ते कळव.

धनराज

•

कोसमटोला
५ मार्च २०२५

भाऊला नमस्कार.

सही केली. प्रवीणनं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, तिथं केली. कागद डाळीच्या डब्यात ठेवला आहे. वर्षश्राद्धाला येईल तेव्हा तो घेऊन जाईल.

झाकण कोणतंही चालेल. अक्षराचंही तूच ठरव.

मनकर्णा

•

चंद्रपूर
२४ मार्च २०२५

मनाबाईस आशीर्वाद.

सही केलीस, बरं झालं. डोक्यावरचं ओझं उतरलं. फारूकभाईंनी प्रवीणला फोनवर कळवलं, त्यालाही बरं वाटलं.

आज आरमोरीच्या गाडीत डबे चढवले आहेत. कंडक्टर ओळखीचा आहे, थांब्यावर उतरवून देईल. झाकण कडीचं घेतलं, कडीचं टिकतं. ह्या महिन्यात हाताला दम नाही. लग्नाची भांडी आहेतच, त्यात एका मोठ्या घरच्या आईवडील दोघांच्या स्मरणार्थ दीडशे ताटं आली होती. ती संपवली आणि लगोलग तुझे डबे घेतले. रोजे चालू आहेत, म्हणून फारूकभाई दुपारनंतर घरी जातात. एरवी प्रत्येक भांडं ते स्वतः तपासतात. तुझे डबे मी एकट्यानं केले आणि एकट्यानंच कागदात गुंडाळले. मशीन मला ऐकू येत नाही, पण बोटांना कळते. नथ्थूचं नाव मी सावकाश टाकलं. तुला आवडेल असं झालं आहे.

वर्षश्राद्धाला येण्याचा प्रयत्न करीन. गर्दी आहे, पाहतो.

धनराज

•

कोसमटोला
३ एप्रिल २०२५

भाऊला नमस्कार.

डबे पोचले. शेजारच्या करिष्मानं थांब्यावरून डोक्यावर आणले. ह्या घरात मी उघडलेलं हे पहिलं खोकं. तुझं अक्षर पाहायचं होतं म्हणून उघडलं.

वरच्या ओळीत लिहिलं आहे, स्व. नथ्थू ठेंगरी यांच्या स्मरणार्थ. खालच्या ओळीत लिहिलं आहे, स्व. मनकर्णा ठेंगरी.

मला वाटलं एखादा डबा तसा झाला असेल. दुसरा काढला. मग सगळे काढून ओसरीत मांडले. एकावन्नही तसेच आहेत.

तू हादरशील म्हणून आधीच सांगते, मी रागावले नाही. वाचल्यावर मला काहीच झालं नाही. वाटलं, बरोबर आहे. एक डबा पुसला, त्यात तांदूळ भरले आणि चुलीजवळ ठेवला. दोन दिवस त्यातूनच तांदूळ काढून भात केला. तिसऱ्या दिवशी करिष्मा मीठ मागायला आली. तिनं डबा हातात घेऊन वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "काकू, हे काय लिहून आहे? तुमी त जित्या आहा न." मी म्हटलं, हो. ती गेल्यावर मला भीती वाटली. आपण मेलो असं आपल्याच भांड्यावर वाचून बाईला बरोबर वाटावं, त्याची भीती. वर्षभरात मला वाटलेली ही पहिली गोष्ट.

तुला खोक्यांचं खरं सांगितलं नव्हतं. पाण्याचं आणि उन्हाळ्याचं मी असंच लिहिलं. भरपाईचे पैसे आल्यावर आरमोरीला बँकेत गेले होते. बाहेर ऊन होतं म्हणून शेजारच्या दुकानात शिरले. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्यानं फ्रिज दाखवला आणि विचारलं, "बाई, कोणता रंग देऊ?" एक लाल होता आणि एक राखाडी. मला सांगता आलं नाही. बराच वेळ उभी राहिले. तीस वर्षं लुगडी ह्यांनीच आणली, एका दुकानातून दोन, एक सासूबाईंना आणि एक मला, दोन्ही हिरवी. ते वाईट नव्हते, आठवणीनं आणायचे. पण मला कोणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. आमच्या घरातली भांडी तू पाहिलीच आहेस. ताटांवर सासऱ्यांचं नाव आहे, पाण्याच्या गुंडावर आपल्या बाबांचं, परातीवर ह्यांचं. मी दुकानदाराला म्हटलं, कोणताही दे. त्यानं राखाडी दिला.

पुढच्या आठवड्यात परत गेले, ह्या वेळी तरी सांगता येतं का ते पाहायला. कूलरचं सांगता आलं नाही. घड्याळाचंही नाही. बॅगा चार रंगांच्या होत्या. सगळे थांबून माझ्याकडं पाहत होते, शेवटी लाज वाटून पहिलीच घेतली. मला त्यातलं काहीच नको होतं. मला एकदा फक्त रंग सांगायचा होता.

प्रवीण फॉर्म घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, "आई, तुले आता काय लागते?" मी म्हटलं, काही नाई. मग त्यानं पेन्सिलीनं ती फुली मारली.

तो कागद अजून डाळीच्या डब्यातच आहे. वर्षश्राद्ध चौदा तारखेला आहे. तो दिला की संपलं. तू आलास नाही तरी चालेल, पण मला एक कळव. लहानपणी मला काय आवडायचं? तुला आठवत असेल. मला आठवत नाही.

मनकर्णा

•

चंद्रपूर
७ एप्रिल २०२५

मनाबाई,

मला आशीर्वाद लिहिण्याचा धीर होत नाही.

दीडशे ताटांवर वरही स्व. होतं आणि खालीही स्व. होतं. हाताला ते बसलं. तुझ्या नावाशी आलो तेव्हा हात आपोआप तेच लिहीत गेला आणि मी पाहिलं नाही. एकावन्न वेळा नाही पाहिलं. फारूकभाईंना पत्र दाखवलं. ते काही बोलले असतील, मी मान वर केली नाही.

डबे वाटू नकोस. परत पाठव, मी ती ओळ घासून काढतो. मात्र घासलं तिथं पत्रा पातळ होतो आणि डाग राहतो, तो जात नाही. नवीन डबे मी माझ्या पैशानं देईन.

आणखी एक आहे. ते लिहिलं नाही तर हे पत्र अर्धं राहील. प्रवीण दुकानात आला त्या दिवशी मला म्हणाला होता, की आईच्या खात्यावर माझी सही आली की मामा तुमच्यासाठी कानाची चांगली मशीन घेऊ. सरकारी मशीन मी एकदा लावून पाहिली, तिच्यात नुसता खरखराट होता. मला ऐकू यावं असं फार वाटतं, मनाबाई. म्हणून मी तुला मोठा भाऊ म्हणून सांगतो असं लिहिलं. त्या वेळी मी मोठा भाऊ नव्हतो. आज ना उद्या त्याचंच आहे, असं मी तू जिवंत असताना लिहिलं. डब्यावरची चूक हाताची आहे. ही माझी आहे.

तू विचारलंस त्यावर दोन दिवस विचार केला. तुला काय आवडायचं ते मलाही नीट सांगता येत नाही, याची शरम वाटते. तू कधी मागितलंच नाहीस. एकच आठवतं. घरी पाहुण्यांसाठी चिनी मातीचा एक कप होता, निळ्या फुलांचा. आपण सगळे स्टीलच्या गिलासात प्यायचो. पाहुणा गेला की तो कप धुण्यासाठी तू आईशी भांडायचीस. आम्हाला वाटायचं पोरगी कामाची आहे. मी एकदा पाहिलं, धुऊन झाल्यावर तू त्यात नुसतं पाणी घेऊन पीत होतीस, पायरीवर बसून, हळूहळू. मी कोणाला सांगितलं नाही.

एवढंच.

धनराज

•

कोसमटोला
२१ एप्रिल २०२५

भाऊला नमस्कार.

वर्षश्राद्ध झालं. चाळीस घरं जेवली. डबे वाटले नाहीत, बुंदी पळसाच्या पानात बांधून दिली. तू आला नाहीस ते कळलं. शरमेनं आला नाहीस, तेही कळलं.

जेवणं उरकल्यावर प्रवीणनं कागद मागितला. मी डाळीच्या डब्यातून काढला, पण दिला नाही. चुलीजवळचा तांदळाचा डबा त्याच्यासमोर ठेवला आणि वाच म्हटलं. त्यानं वाचलं. "मामानं चूक केली," तो म्हणाला. मी म्हटलं, "मामानं एक डाव केली. तुमी रोजच करून राह्यले. मी अजून जित्ती आहो, प्रवीण. माझं मले पाहू दे." एवढं बोलायला मला फार वेळ लागला. कागद चुलीत टाकला. प्रवीण अंगणात जाऊन उभा राहिला. मग परत आला आणि भांडी उचलायला लागला. संध्याकाळच्या गाडीनं दोघं गेले. जाताना तो नीट बोलला नाही, पण पाया पडला. मिक्सर पुनमला दिला. तिला पाहिजे होता, ती कधीची त्याच खोक्याकडं पाहत होती.

मी जिंकले असं काही मला वाटलं नाही.

बाकीची खोकी उघडली. घड्याळात सेल टाकला. कूलर लावला, फार गरम होत होतं. मागच्या उन्हाळ्यात गरम झालेलं मला आठवत नाही. फ्रिजला लाईट असली की पाणी थंड होतं.

कानाच्या मशीनचं तू मला विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर फ्रिजच्या आधी ती घेतली असती. मला राग आला आहे. येऊ दे, बरं वाटतं. मशीन घ्यायला आपण दोघं जाऊ. पसंत तू करायची, पैसे मी देईन.

शुक्रवारी आरमोरीला गेले होते. बाजारात एका दुकानात चिनी मातीचे कप होते. तुला निळ्या फुलांचा आठवतो, असेल. मला ती फुलं आठवत नाहीत, पायरी आठवते. दुकानदारानं विचारलं कोणता देऊ, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत मी सांगितलं, पिवळा. काऊन पिवळा, ते मलाही माहीत नाही. दोन घेतले.

एकात रोज चहा पिते. दुसरा तुझा. त्यावर नाव टाकायला बसू नकोस, तुझ्या मशीननं फुटेल.

एकोणतीस तारखेला सकाळच्या गाडीनं निघते. चाकांच्या बॅगेत पन्नास डबे भरले आहेत. एक ठेवून घेतला, तो राहू दे. खालची ओळ घासून टाक, डाग राहिला तरी चालेल. स्टँडवर घ्यायला ये. इथं मुरुमावर चाकं चालत नाहीत हे तुझं खरं आहे, पण तिकडं डांबर आहे.

तुझा कप वाटेत फुटेल म्हणून गुंडाळायला काही शोधत होते. कागद सगळे बंबात गेले होते. मग खुंटीवरचा ह्यांचा शर्ट काढला आणि त्यात गुंडाळला, बाह्या वरून बांधल्या. तेव्हा रडू आलं. खूप रडले, करिष्मा धावत आली. मग तोंड धुतलं, कप डब्यांच्या मधोमध ठेवला आणि बॅगेची चेन लावली.

मनकर्णा